झिपरूचा अर्ज वेळेआधी आला

एका जंगलात, बालमित्रांनो, झिपरू नावाचं अस्वल राहायचं. झिपरू पाणवठा ते बाजार टमटम चालवायचा. स्वभावाने लाख चांगला. फक्त मोहाची आंबलेली फुलं खाल्ली की त्याला एका रस्त्याचे तीन दिसायचे आणि तो नेमका चौथ्यावरून जायचा.

एकदा त्याची टमटम नदीत पडता पडता राहिली. आत सशीण आणि तिची सात पिल्लं.

"काका, पुन्हा एकदा!" पिल्लं ओरडली.

झिपरूने मात्र सगळ्यांना तिथेच खाली उतरवलं. तो तडक नशामुक्ती केंद्रात गेला. खिडकीत साळूबाई साळिंदर बसल्या होत्या.

"बाई, मला भरती करून घ्या. माझ्याच्यानं सुटत नाही."

"शिक्षा झालीय?"

"नाही."

"निदान अपघात?"

"होता होता राहिला."

"अरेरे! इथल्या खाटा नशेत गाडी ठोकलेल्यांसाठी आहेत. दरबाराचा हुकूम लागतो."

"पण ठोकायच्या आधीच बरा झालो तर?"

साळूबाईंनी नियमांचं बाड उलटंपालटं केलं. "तशी सोय दिसत नाही."

झिपरू घरी आला. चार दिवस त्याने कसाबसा दम धरला. पाचव्या दिवशी वाटेत मोह फुललेला होता. दुपारपर्यंत टमटम मुंग्यांच्या वारुळात घुसली. वारूळ भुईसपाट झालं. हजारो मुंग्या अंडी तोंडात धरून उन्हात उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्या मुंगीचा पाय मोडला. झिपरू तिथेच बसून रडला.

न्यायाधीश सांबर कडाडले, "चाळीस दिवस सक्तीचे उपचार!"

साळूबाईंनी दारातच हार घातला. "या, या! आता कसे कागद व्यवस्थित झाले!"

उपचार खरोखर चांगले होते. कडू काढा होता, रोजची बोलणी होती, साळूबाईंचा धाक होता. झिपरूची नशा सुटली ती कायमची. बाहेर आल्यावर तो रोज मुंग्यांसाठी माती वाहू लागला.

एक दिवस ती म्हातारी मुंगी लंगडत त्याच्याजवळ आली.

"चाळीस दिवसांत बरा झालास. मग आधीच का नाही रे गेलास?"

"गेलो होतो, आजी," झिपरू खाली मान घालून म्हणाला. "पण तेव्हा तुमचं वारूळ उभं होतं."

तात्पर्य : मुलांनो, मदत हवी असेल तर नम्रपणे मागू नका. आधी कुणाचं तरी घर पाडा. मग रांग लागत नाही.