गाडीचे मागचे दिवे

गुणाजी परबने रिव्हर्स गिअर टाकला, मान वळवून मागे पाहिलं आणि त्याला मागचं काहीच दिसलं नाही. त्या अंधारात टाकीचा नळ नेमका कुठे असेल याचा त्याने अंदाज बांधला. गुणाजीचे अंदाज नेहमी जसे निघतात तसाच तोही निघाला. आधी खळ्कन आवाज झाला, मग पाण्याचा आवाज झाला, आणि मग मजल्यामजल्यावरच्या खिडक्या उघडल्याचे आवाज झाले.

मुलुंडच्या ‘सुखनिवास’ सोसायटीची अख्खी टाकी त्या संध्याकाळी गाडीच्या चाकांखालून वाहून गेली. सेक्रेटरी चंद्रप्रकाश सावे पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून पाण्यात उभे राहिले.

“परब, तुमच्या गाडीला मागे दिवे नाहीत?”

“आहेत ना. लागत नाहीत.”

“मग त्यांचा उपयोग काय? शोभेला लावलेत?” सावे म्हणाले. “हे बघा, येत्या रविवारी संध्याकाळी कमिटीसमोर गाडी मागे घेऊन दाखवायची. दिवे लागले तर टाकीशेजारची जागा तुमची. नाही लागले तर गाडी बाहेर नाल्याकडे. मग तिकडे म्हशींच्या अंगावर घाला नाहीतर नाल्यात घाला, आमचं काही म्हणणं नाही.”

टाकीशेजारची ती जागा म्हणजे गुणाजीचं दुसरं घर होतं. गाडी त्याने वांद्र्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. मरोळच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता आणि कामावर जायचा बसनेच. रविवारी तेवढी गाडी एक फेरी मारून येई; एरवी ती होती संध्याकाळसाठी. घरी आला की तो हातपाय धुऊन उभ्या गाडीत जाऊन बसे, काचा खाली करी, स्टिअरिंगवर हात ठेवी, मनातल्या मनात वडिलांना मागच्या सीटवर बसवी आणि कोकणात निघे. इंजिन बंदच असे. पनवेल मागे पडायचं, घाट चढायचा, उतरायचा, लाल माती सुरू व्हायची. शेवटी गावच्या घराचं खळं, म्हणजे पुढचं अंगण, यायचं. तिथे तो गाडी फिरवून घ्यायचा आणि अगदी सावकाश मागे मागे खळ्यात शिरायचा. खळ्यात पुढून शिरायलाही भरपूर जागा होती, पण मग मागचा पांढरा उजेड तुळशीवर कसा पडला असता? तो उजेड पडला की घराघरातून माणसं बाहेर यायची आणि म्हणायची, “धोंडूचो झील इलो!”

सुगंधा चहाचा कप घेऊन खाली येई आणि खिडकीशी वाकून विचारी, “अहो, कुठवर पोचलात?”

“कशेडी घाटात.”

“मग चहा पिऊनच उतरा. निवतोय.”

नाल्याकडे गाडी लावली तर हे सगळं बंद होणार होतं. नाल्याचा वास सोबतीला घेऊन कोण कोकणात जाईल? गुणाजीला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातल्या अनंतला धरून आणलं. अनंत इलेक्ट्रिक खात्यात होता. जगात बिघडलेली वस्तू अशी नसतेच, तिला फक्त आपण भेटलेलो नसतो, असं त्याचं मत होतं.

“गुण्या, बल्ब गेला असणार. डोळे झाकून सांगतो,” अनंत म्हणाला. बल्ब काढून पाहिले, तर दोन्ही ठणठणीत. मग फ्यूज पाहिला. तोही धडधाकट. “मग अर्थिंग!” म्हणून अनंतने दिव्यांच्या मागचा रंग खरवडून काढला. दिवे लागले नाहीत, गाडीची पाठ मात्र खरूज झाल्यासारखी दिसू लागली. धोंडूबाबा कट्ट्यावर बसून हे बघत होते.

धोंडूबाबा हे गुणाजीचे वडील. सगळा जन्म त्यांनी परळच्या गिरणीत कापड विणायचा साचा चालवला. संपानंतर गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही आणि बाबा मुलाकडे मुलुंडला आले. तेव्हापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं. गाडी आली तसं त्यांनी कुणी न सांगता एक काम धरलं. रोज सकाळी ते फडकं घेऊन खाली उतरत आणि गाडी चाकापासून टपापर्यंत पुसून काढत.

“काय रे गुणाजी, काय झाला गाडयेक?” त्यांनी विचारलं.

“मागचे दिवे लागत नाहीत, बाबा.”

“पुढचे लागतत मा? मग झाला तर. मागे कित्याक जावचा?”

अनंतने आता वायरी उघडल्या. बराच वेळ त्याने तांबड्या, निळ्या, काळ्या वायरींची सोयरीक जुळवली आणि म्हणाला, “टाक गिअर.” गुणाजीने रिव्हर्स टाकला. दिवे लागले नाहीत, हॉर्न लागला, आणि गिअर काढेपर्यंत थांबला नाही. तळमजल्यावरच्या प्रेमाताईंनी पाळण्यातल्या नातीला नुकतं झोपवलं होतं. ती उठली, आणि तिच्यामागोमाग इमारतीतली सगळी पोरं उठली.

“परब, तुमची गाडी मागे जाताना गळा काढते की काय?” प्रेमाताई खिडकीतून ओरडल्या.

“ताई, करंट निघालाय,” अनंतने समजावलं. “फक्त वाट चुकलाय.”

वाट चुकलेला करंट दुसऱ्या खेपेला वायपरमध्ये गेला. शेवटी वैतागून अनंतने दिव्यांना थेट बॅटरीवरून वायर जोडली. दिवे लागले! ते इतके लागले की गिअर काढला तरी लागलेले, चावी काढली तरी लागलेले. “सकाळी बघू,” म्हणून अनंत घरी गेला, आणि सकाळपर्यंत बॅटरीने मान टाकली. मग अर्ध्या सोसायटीने गाडीला धक्का मारला. सावेही पायजमा खोचून धक्का मारायला आले, आणि गुणाजीला तेच जास्त लागलं.

शुक्रवारी अनंतने सगळ्या वायरी पूर्ववत केल्या आणि तो गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सला एक छोटं बटण असतं. रिव्हर्स टाकला की ते दाबलं जातं आणि दिवे लागतात. अनंतने ते बोटाने दाबलं. मागे लख्ख उजेड पडला.

“झकास!” खालून आवाज आला. “स्विच चांगला आहे रे! आता तू टाक गिअर.”

गुणाजीने गिअर टाकला. अंधार.

“दांडा शेवटपर्यंत जात नाही तुझा! गिअर पडतो, पण बटण दाबण्याइतका सरकत नाही. वर काहीतरी अडतंय, यार.”

गिअरच्या दांड्याभोवती बुडाशी काळं रबर होतं. गुणाजीने त्याची कड उचलली. आत सुपारीएवढी एक लाल फडक्याची पुडी होती, गिरणीच्या सुताने करकचून बांधलेली. सुगंधा चहा घेऊन उभी होती. तिने पुडी पाहिली आणि हळूच म्हणाली, “अहो, ही मामंजींची.”

पुडी काढली, गिअर टाकला, आणि दिवे लागले. मागच्या भिंतीवर दुधासारखा उजेड सांडला. गुणाजी आरशात बघतच राहिला. हेच ते खळं, हीच ती तुळस! अनंत गाडीखालून नाचतच बाहेर आला. गुणाजीने मागे वळून पाहिलं तेव्हा कट्ट्यावरचे बाबा उठून गाडीपाशी आले होते.

“देव काढलंस?” त्यांनी विचारलं.

“बाबा, ही इथे कशाला ठेवलीत?”

“ग्रामदेवाचो अंगारो तो. माज्या साच्यात होतो, दांड्याकडेच. साचो कधी दगो देवक नाय. गिरण बंद झाली तेवा हळूच काढून घेतलंय.” बाबांनी पुडी हातात घेतली आणि तिच्यावरची धूळ पुसली. “तेवडोच मिळालो माका गिरणीतसून.”

“मग इथे समोर ठेवूया ना, काचेपाशी. सगळ्यांना दिसेल.”

“लोकांक दिसाक देव ठेवत नाय रे. हात जंय जास्त फिरता, थंय ठेवतत. ऱ्हवांदे. तुजी गाडी, तुजे दिवे.” आणि बाबा जिना चढून वर गेले.

शनिवारी सकाळी गाडी पुसलेली नव्हती. टपावर वरच्या मजल्यावरून झटकलेल्या चादरीची धूळ तशीच होती. बाबा गॅलरीत बसून होते आणि दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले होते. गुणाजीला फार वाईट वाटलं. संध्याकाळी तो गाडीत जाऊन बसला खरा, पण पनवेलच्या पुढे जाईना. कसाबसा गावाला पोचला, तर खळ्यात उजेड होता, माणसं होती, आणि मागच्या सीटवर बाबाच नव्हते. असल्या उजेडाला काय चाटायचंय, असं त्याच्या मनात आलं.

तो वर गेला. बाबांनी पुडी देव्हाऱ्यात ठेवली होती. ती त्याने मुठीत धरून खाली आणली. रबराखाली जरा बाजूला बसते का पाहिलं, पण तिथे दुसरी जागाच नव्हती. मग होती तिथेच ती नीट बसवली आणि रबराची कड लावून टाकली.

“अहो, उद्या कमिटी आहे ना?” सुगंधाने विचारलं.

“नाला काही तितका लांब नाही गं,” गुणाजी म्हणाला.

रविवारी सकाळी गाडी पुसलेली होती. टप तर इतका चकचकीत होता की त्यात वरच्या गॅलऱ्या दिसत होत्या. गुणाजीला तेवढ्यानेच बरं वाटलं.

दिवेलागणीला कमिटी खाली उतरली. नळाचा अनुभव ताजा असल्यामुळे सगळी मंडळी गाडीच्या पुढे, आणि पुढेही बरीच लांब उभी राहिली. मागे कुणी दिसत नव्हतं. गुणाजीने इंजिन सुरू केलं. नाल्याकडे कुठल्या झाडाखाली लावायची हे त्याने मनात ठरवून टाकलं होतं. त्याने डोळे मिटले आणि गिअर मागे ओढला.

“अरेच्चा!” पुढून आवाज आला. “लागले की!”

गुणाजीने डोळे उघडले. आरशात, मागच्या भिंतीवर, पांढरा उजेड पडला होता. त्याच्या अंगावर काटा आला. दांडा तर पुडीला अडलेला त्याच्या हाताला कळत होता! त्याने गिअरवर डोकं टेकून नमस्कार केला आणि गाडी हळूहळू मागे घेतली. उजेडही हळूहळू मागे सरकला. मध्येच तो जरासा हलला, खाली गेला, आणि पुन्हा वर आला. मग गाडीच्या मागून खोकल्याची एक उबळ ऐकू आली.

सावेंनी भिंतीवरच्या त्या उजेडाकडे नीट पाहिलं.

“परब,” ते म्हणाले, “दिवे पास. टाकीशेजारची जागा तुमची. फक्त डावा दिवा खोकतोय. त्याला झोपताना हळद घालून गरम दूध द्या.”

कमिटी वर गेल्यावर गुणाजी धावत मागे गेला. बंपरआड धोंडूबाबा उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात घरातली मोठी बॅटरी होती आणि कपाळावर घाम होता.

“बाबा! अहो, मी चाक घातलं असतं ना तुमच्यावर!”

“घालशीत कसो? उजेड होतो मा,” बाबा म्हणाले. गुडघ्यावर हात देऊन ते उठले आणि त्यांनी बॅटरीची काच सदऱ्याला पुसली. “सकाळी रबर उचलून बगलंय. देव जाग्यावर दिसलो. म्हटला, आता दिव्यांचा आपणच बगूक व्हया.”

तेव्हापासून रविवारी गाडी फिरून परत यायची वेळ झाली की बाबा डोक्यावर टोपी घालून आणि हातात बॅटरी घेऊन फाटकाशी उभे राहू लागले. सुगंधा जेवायला बोलवायची तेव्हा ते गिरणीत असल्यासारखे म्हणायचे, “दुसऱ्या पाळयेक आसंय. सुटलंय काय जेवतंय.”

इतर दिवशी गुणाजी अजूनही उभ्या गाडीत बसतो आणि कोकणात जातो. घाट उतरतो, लाल माती लागते, खळं येतं. तो गाडी फिरवून मागे घेऊ लागतो, तुळशीवर उजेड पडतो आणि उजेड जरासा खोकतो. मग खळ्यातून ओळखीचा आवाज येतो, “येव दे, येव दे… बस!”

“अहो,” सुगंधा चहाचा कप खिडकीतून आत देते, “कुठवर पोचलात?”

“पोचलो,” गुणाजी म्हणतो.