चांगुणाबाई गोड बोलल्या

बुद्धपौर्णिमेची सुट्टी यंदा घरातच, निवांत घालवायची, असं हेमंतने जाहीर केलं. रंगाच्या कंपनीत पाळ्या करून तो पार पिचला होता. सकाळी विहारात वंदना झाली, दुपारी खीर-पुरी झाली. लोडशेडिंगमुळे अंबरनाथ पूर्वेचे सगळे टीव्ही आपोआपच गप्प होते. पुठ्ठ्याने वारा घेता घेता हेमंतला एक कल्पना सुचली.

"आज प्रत्येकाने सांगायचं, आपण कुणाचे उपकार मानतो ते."

लेकीने, पायलने, "पप्पांचे" म्हणून टाकलं. तिला सायकल हवी होती. बायकोने, प्रीतीने, बिल्डिंगचं पाणी सोडणाऱ्या रामभाऊंचे मानले. मग पाळी आली हेमंतच्या आईची.

चांगुणाबाईंनी उभ्या जन्मात कुणाचं कौतुक केलं नव्हतं. नात वर्गात पहिली आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "वर्गात पोरं किती व्हती?"

त्यांनी पदर सावरला. "मी प्रीतीचे मानते. सून न्हाई, लेकच हाय ती माझी. लई केलं तिनं माझं. आता काय मागणं न्हाई बाबा. समदं भरून पावलं."

प्रीतीने नवऱ्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, आईंना काहीतरी होतंय."

"अगं, चांगलं तर बोलली ती."

"तेच तर म्हणतेय मी!"

हेमंतला एकदम आठवलं. त्याचे वडील जयदेव गेले, त्याच्या आदल्या संध्याकाळी असेच गोड बोलले होते. सगळ्यांना जवळ बसवून, एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवून. हेमंतने विठ्ठलवाडीला मोठ्या बहिणीला फोन लावला.

"वेणूताई, आई कशीतरीच बोलतेय गं. प्रीतीला लेक म्हणाली."

"आपली आई? प्रीतीला? निघाले मी. बदलापूरला पदूमामालाही कळवते."

वेणूताई रिक्षातून उतरली तीच डोळे पुसत. तिला बघून चांगुणाबाई हरखल्या. "वेणू! तुझ्यासारखी पोर मिळाया नशीब लागतं गं!"

हे वाक्य वेणूताईने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. तिने "आये गं!" म्हणून असा हंबरडा फोडला, की वरच्या मजल्यापर्यंतचे शेजारी दारात गोळा झाले. तेवढ्यात पदूमामा आले. अंगावर पांढरेशुभ्र कपडे. ते पौर्णिमेचे होते, पण हेमंतला ते बघवेनात. बहिणीने "माझा भाऊ लाखात एक" म्हणताच मामा मटकन खालीच बसले.

हेमंत अनवाणीच धावला आणि नाक्यावरच्या सिंधी डॉक्टरांना सुट्टीच्या दिवशी जेवणावरून उठवून घेऊन आला.

डॉक्टरांनी नाडी बघितली, बीपी बघितलं, छातीला नळी लावली.

"माताजी एकदम फर्स्ट क्लास. तकलीफ काय आहे?"

हेमंत घुटमळला. "डॉक्टर, ती... सगळ्यांशी गोड बोलतेय."

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि बीपीचा पट्टा सोडून त्याच्याच दंडाला बांधला. "अरे साईं, बीपी तुझा वाढलाय!"

आता कुठे चांगुणाबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी दाराशी जमलेली गर्दी बघितली, लेकीचे सुजलेले डोळे बघितले, भावाचा उतरलेला चेहरा बघितला.

"म्हंजे? मी मरतेय म्हून जमलात व्हय रं?"

वेणूताईने घाईघाईने डोळे पुसले.

"म्हून तर मी आजवर तोंड उघडलं न्हाई. जरा चांगलं बोललं, की मानसं तिरडी बांधाय निघत्यात!"

पहिल्यांदा पदूमामा हसले, मग वेणूताई, मग दारातली सगळी गर्दी. हेमंत तेवढा भिंतीला टेकून घाम पुसत राहिला. उरलेली खीर डॉक्टरांसकट सगळ्यांना चमचा-चमचा वाटली गेली.

दिवेलागणीला लाइट आली, पाहुणे पांगले. प्रीती सासूच्या खाटेशी येऊन उगीचच चादर नीट करू लागली.

"आई, मघाशी माझ्याबद्दल म्हणालात ते... खरंच ना?"

"एकदा बोलले तर डॉक्टर आला," चांगुणाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "परत बोलायला लावू नगंस."

आणि जराशा सरकून त्यांनी सुनेला बसायला जागा करून दिली.