रविवारची भेट

बदलापूरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची डोकी तपासायला डॉक्टरीणबाई येणार, हे कळल्यापासून आनंदा रोज दाढी करू लागला. अंबरनाथच्या कारखान्यात त्याची हयात गेलेली. बायको वारल्यावर एकदा त्याच्या हातून गॅस चालू राहिला, तेव्हा मुलाने, रघूने, त्याला इथे आणून सोडलं. "डॉक्टर बोलले ना डोकं ठीक आहे, की त्याच दिवशी घरी नेतो," असं सांगून गेला. त्यानंतर फिरकला नाही.

बाईंनी वार विचारला, महिना विचारला, वजाबाकी करायला लावली. आनंदाने सगळं फटाफट सांगितलं. मग त्यांनी सहज विचारलं, "आजोबा, घरून कोणी भेटायला येतं का?"

"मुलगा येतो. दर रविवारी."

देणगीदारांसमोर हेच बोलायची आश्रमाची पद्धत होती. जेवण छान, झोप छान, मुलं येतात. रडक्या म्हाताऱ्यांना लोक केळी देतात आणि हसऱ्यांना कलर टीव्ही, हे व्यवस्थापक जयदेवचं शास्त्र. पण आज जयदेवच गडबडला.

"मामा, ह्या देणगीवाल्या नाहीत. डॉक्टर आहेत. त्यांना खरं सांगा."

"असं व्हय. मग कोणी येत नाही."

बाईंचं पेन थांबलं. यातलं कुठलं धरायचं? त्यांनी मुलालाच बोलावून घेतलं.

रघू उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून अंगावरचे धागे झटकत आला. व्हरांड्यात सगळे म्हातारे त्याच्याकडेच बघत बसले होते. बाईंनी सर्वांदेखत विचारलं. रघूने एकदा त्या रांगेकडे पाहिलं.

"येतो ना मॅडम. दर संडेला. कधी चुकवत नाही."

खोटं आहे म्हणावं, तर पोराची चारचौघांत अब्रू जाणार. गप्प बसावं, तर घर जाणार. आनंदा गप्प बसला.

बाई हळू आवाजात रघूला म्हणाल्या, की तुम्ही आलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही. घरी एकटं ठेवणं धोक्याचं, इथेच बरे. तुम्ही मात्र मनाला लावून घेऊ नका. रघूने लावून घेतलं नाही. बापाच्या पाया पडून, रविवारी येतो म्हणून गेला.

रविवारी संध्याकाळी अंगणात मेथी निवडता निवडता आश्रमात स्वयंपाक करणाऱ्या राजाबाईने आनंदाला विचारलं, "काय मामा, पोरगा आलता का?"

"येऊन गेला असंल," आनंदा म्हणाला. "माझ्या कुठं ध्यानात राहतंय."