गव्हात दडलेला इसम

या, असे जवळ सरका. टाळ खाली ठेवा, तोंडातलं पान थुंकून या, आणि केज तालुक्यातल्या एका पोटाची कथा ऐका. पोट आपल्या धुळाजीबुवांचं. तपास मात्र उत्तरेश्वररावांचा, म्हणून कथा लांबली.

उत्तरेश्वररावांना ओळखत नसाल तर दोष तुमचा. केजच्या बसस्टँडासमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान. त्यावर दिव्याची पाटी, 'गुप्त तपास केंद्र'. इतकं गुप्त, की रात्रीसुद्धा झगमगतं. ते स्वतःबद्दल सांगायचे, "मराठवाड्यात डोकं म्हणावं असं एकच हाय. बाकीच्या टोप्या ठेवायच्या जागा." मागं देवळाबाहेरून हरवलेली चप्पल त्यांनी आठवडाभरात हुडकली. ती त्यांच्याच पायात निघाली, ही बाब अलाहिदा.

आता धुळाजीबुवा म्हणजे गावचे चालकरी. कीर्तनात महाराजांनी हात वर केला की बुवांनी चाल उचलायची आणि सगळ्या मंडपानं डोळे मिटून डोलायचं. तेवढीच त्या माणसाची दौलत. पण वर्षभरापासून पोटानं वैर धरलं. फुगायचं, गुरगुरायचं, आणि भर अभंगात बुवांना मंडपामागं पळवायचं. परवा महाराजांनी हात वर केला, तर बुवांच्या जागी नुसते टाळ पडलेले. माईक मागच्या रांगेतल्या तानाजी टाळकऱ्यानं उचलला. तानाजीला सूर सापडत नाही, माईक बरोबर सापडतो.

येत्या सप्ताहाची व्यवस्था बघणाऱ्या भगवानरावांनी बजावलं, "बुवा, शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनात उठलात, तर माईक कायमचा तानाजीचा."

 बुवा तडक उत्तरेश्वररावांकडं गेले.

"दोन चहा! दूध जास्त, पानी नावाला!" उत्तरेश्वररावांनी तपास सुरू केला. चहाशिवाय त्यांची बुद्धी चालत नसे. चहा पिऊन चालते, असंही कुणी पाहिलं नव्हतं. "बुवा, गुन्ह्याचा फायदा कुणाला? तानाजीला! त्यानं तुमाला जमालगोटा चारला."

मग ते पाटोद्याच्या बाजारात तानाजीच्या मागं दिवसभर फिरले. तानाजीनं गळ्यासाठी खडीसाखर घेतली. त्याचं गाणं ऐकलेल्यांना तोही गुन्हाच वाटला असता, पण पुरावा पुरेना.

पुन्हा चहा आला. तेवढ्यात उत्तरेश्वररावांच्या मोबाईलवर कुणीतरी एक व्हिडिओ धाडला. ते टेबलावर हात आपटून ओरडले, "सापडला! ग्लुटेन नावाचा इसम. गव्हात दडून बसतोय!"

"आपल्याकडलाच का?" बुवांनी भीत भीत विचारलं.

"परदेशात लई जनांना आडवं केलंय त्यानं."

त्या दिवसापासून बुवांची पोळी बंद. शेवया, शिरा, बिस्किट, सगळं तडीपार. उत्तरेश्वररावांनी स्वयंपाकघरात धाड घालून हिंगाची डबीसुद्धा जप्त केली. तिच्यावरच्या बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ सापडलं होतं. बुवांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, हिंगाशिवाय वरण फोडणीला घातलं आणि भांडी जरा जोरात आपटली.

सप्ताह सुरू झाला. पंगतीत घरोघरच्या पोळ्या आल्या, आणि बुवा उपरण्यात बांधून आणलेली भाकरी सोडून बसले.

"कावून बुवा, रुसलेल्या व्याह्यावानी येगळं बसलात?" भगवानरावांनी टोमणा मारला.

"पोळीत इसम हाय म्हनं."

केजच्या डॉक्टरांनी तर कपाळावर हात मारला. "अहो, गहू खात असतानाच रक्त तपासायचं असतं. गुन्हेगाराला आधी पळवून लावता आणि मग पंचनाम्याला माझ्याकडं येता! बरं, दिवसभरात काय काय खाता?"

बुवांनी देवाशपथ सांगितलं. भाकरी, पिठलं, वरण, ठेचा. एक घासही लपवला नाही. गहू बंद होता, तरी पोट गुरगुरतच होतं. "आरोपी जामिनावर सुटला असंल," उत्तरेश्वरराव म्हणाले आणि चहा सांगितला.

अशात बुवांची गाभण म्हैस रत्नी आटली. घरात दुधाचा थेंब नाही, म्हणून सुभद्राबाई गवती चहाची पात घालून कोरा चहा देऊ लागल्या. बुवाही लाजेपोटी घराबाहेर पडेनात. आणि काय नवल! पोट गप्प. बुवा गोठ्यात बसून चाली घोळवू लागले.

काल्याच्या आदल्या दिवशी उत्तरेश्वरराव विजयी मुद्रेनं दारात उभे राहिले. हातात दुधाची पिशवी. "वैनी, माझ्या धाकानं ग्लुटेन फरार झाला! आता टाका खराखुरा चहा!"

बुवांनी भक्तिभावानं दोन कप घेतले. घटकाभरात पोटात पखवाज सुरू.

सुभद्राबाईंनी आधी पिशवीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "भावजी, रत्नी आटल्यापासून हे पोट गप व्हतं. तुमी दूध घेऊन आलात अन् बोंबललं."

"आगं, पन चहा काय खानं हाय का?" बुवा कळवळले. "एकादशीला बी चालतोय!"

"देवाला चालतोय. तुमच्या पोटाला न्हाई."

बुवांनी बोटांवर हिशेब घातला. गायला गेलं की दर घरी चहा, आणि नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. वर उत्तरेश्वररावांचा तपास. तो जसजसा खोल गेला तसतसा चहा दाट होत गेला. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग दुधाचंच नाव घ्यायचं होतं की! दूध सोसत नाही तुम्हाला."

काल्याच्या दिवशी महाराजांनी हात वर केला आणि बुवांनी चाल उचलली. तानाजीचेसुद्धा डोळे मिटले. बुवा शेवटपर्यंत हलले नाहीत. प्रसादाचा दहीकाला तेवढा कपाळाला लावून कणभर घेतला. मग उत्तरेश्वररावांनी माईक धरून जाहीर केलं, "या प्रकरणाचा छडा आमी लावला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुभद्राबाई पंगतीत पोळ्या वाढत होत्या. पहिली पोळी त्यांनी बुवांच्या ताटात वाढली.

त्यांना शाबासकी द्यावी तर म्हणतात, "म्या काय केलं? म्हस आटली."

तेव्हा मायबापहो, बुवांच्या चालीवर कधी डोललात, तर त्या मुक्या रत्नीची आठवण ठेवा. तालुक्यात खरा तपास तिनंच केला, आणि पाटीसुद्धा लावली नाही.