चाळीस कंबरेचा संशयित

मेहुण्यांनी स्वतःचं कार्ड स्वतःच छापून घेतलं होतं. त्यावर नाव नव्हतं, कारण खऱ्या गुप्तहेराला नाव नसतं असं त्यांचं मत. वर एक उघडा डोळा आणि खाली मजकूर: 'सूक्ष्म निरीक्षण. अचूक निष्कर्ष. तीस वर्षांचा अनुभव.' हा अनुभव विजेची मीटरं वाचण्याचा होता, एवढं मात्र छापायचं राहून गेलं होतं.

"तीस वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली आणि दाराआड टॉर्च मारून सत्य वाचलंय," ते समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगत. "माणूस खोटं बोलतो. मीटर बोलत नाही."

समोर बहुतेक वेळा मास्टरच असत. मास्टर म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, तळमजल्यावरचे टेलर. निवृत्त झाल्यावर मेहुणे त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले आणि त्यांनी मास्टरांना न विचारता मास्टरांची सहायकपदी नेमणूक केली. बायकोचा थोरला भाऊ पडला, नाही म्हणायची सोय नव्हती. आजवर या जोडीनं तीन प्रकरणं निकालात काढली होती. हरवलेली किल्ली मेहुण्यांच्याच खिशात निघाली, पळालेलं मांजर जेवायच्या वेळेला आपण होऊन परत आलं, आणि तिसऱ्या प्रकरणात मुळात काही हरवलंच नव्हतं.

चौथं प्रकरण मात्र खरं होतं आणि ते मास्टरांच्याच मानेवर येऊन बसलं.

त्या दिवशी दुपारी चारला थिएटरात नवा थाई मारामारीचा सिनेमा लागणार होता. मास्टरांच्या लेकीला दोन महिने दुसरं काही सुचत नव्हतं. ती अशा सिनेमांच्या चाहत्यांच्या 'कोपर-गुडघा मंडळा'ची कॅप्टन. मंडळात एकवीस जण, सगळे काटक, सगळे बोलता बोलता गुडघा छातीला लावणारे. सिनेमाचा नायक नावाडी असतो म्हणे. अंगाला दोरी बांधत नाही, खाली गादी घालत नाही, नुसता होड्यांच्या रांगेवरून उड्या मारत येतो आणि अकरा जणांना कोपरानं झोपवतो. त्याची झलक लेक घरात इतक्यांदा लावायची, की हाड मोडल्याचा कडाक आवाज आला की मास्टर मशीन न थांबवता म्हणत, "हा सातवा." नायकाची तीन वाक्यं अख्ख्या मंडळाला तोंडपाठ होती. थाई कुणालाच येत नव्हतं. त्यातलं एखादं वाक्य 'चहात साखर कमी आहे' असंही असू शकेल, असं मास्टर एकदा सहज बोलून गेले. लेक दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पहिल्या खेळाला सगळ्यांनी नायकासारख्या लाल सॅटिनच्या चड्ड्या घालून जायचं असं मंडळात ठरलं. चष्म्याच्या दुकानात काम करणारा उपकॅप्टन म्हणाला, तयारच मागवू. त्याचंही काही चुकत नव्हतं. मागच्या सिनेमाला मास्टरांनी लाल कपाळपट्ट्या शिवून दिल्या होत्या. थिएटरात घाम आला, रंग उतरला आणि मंडळ आठ दिवस लाल कपाळानं गावभर हिंडलं. उपकॅप्टननं तर आठवडाभर टोपी घालून लोकांना चष्मे दाखवले. पण लेक सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझे बाबा शिवतील. घोटाळा झाला तर कॅप्टनपद तुझं." हे मास्टरांना बाहेरून कळलं. घरात तिनं नुसती मापांची यादी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, या वेळी नीट."

यादीत बावीस चड्ड्या होत्या. पाच दिवस मास्टरांनी मशीनवरून मान वर केली नाही. बाहेरून लाल सॅटिन, आतून पांढरं अस्तर, चार बोटं रुंद इलॅस्टिक. एकवीस कंबरा अठ्ठावीस ते बत्तीसच्या आतल्या. एकच होती चाळीस.

"हा चाळीस कोण गं? हा उडी मारणार की लोटावा लागणार?"

"आहे एक नवीन," लेक म्हणाली आणि आत निघून गेली.

तर त्या दिवशी सकाळी साडेआठला मास्टर दुकानात आले आणि पाहतात तो फळीवरचं गाठोडं गायब. गाठोड्याची चादर तेवढी होती, रिकामी, नीट चौघडी घातलेली. मास्टर मटकन स्टुलावर बसले. त्यांनी बायकोला फोन लावला. ती बायकांना पोहायला शिकवायची. सकाळी सातला तलावावर गेली की एक वाजेपर्यंत फोन कपाटात आणि ती पाण्यात. घंटी वाजून वाजून दमली. लेक मंडळाच्या सरावाला गेली होती, आणि तिला फोन लावायची मास्टरांची छाती होईना. शेवटी नको तेच केलं, दुसऱ्या मजल्यावर निरोप धाडला.

पाचव्या मिनिटाला दुकानात टॉर्चचा झोत पडला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"कुणीही जागचं हलू नका," मेहुणे म्हणाले. दुकानात मास्टर एकटेच होते. तरी ते हलले नाहीत.

"कुलूप शाबूत. म्हणजे चोर रस्त्यावरून आला नाही. हे आतलं दार कुठं उघडतं?"

"आमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही रोज तिथूनच चहाला येता."

"घरात कोण कोण असतं?"

"मी, तुमची बहीण आणि तुमची भाची."

"तिघंही माझे नातेवाईक. म्हणजे तो रस्ता बंद झाला." मेहुण्यांनी वहीत काहीतरी खोडलं. मग चादर नाकाशी धरली. "घडी बघा, भाऊजी. काठाला काठ. चोरी करून घडी घालून जातो, म्हणजे माणूस टापटिपीचा आहे. अशी घडी मी आयुष्यात एकाच व्यक्तीची पाहिलीय."

"कुणाची?"

"माझ्या बहिणीची. म्हणजे चोर तिच्या घडीची नक्कल करतोय. पोचलेला आहे."

मास्टरांना वाटलं, डोकं भिंतीवर आपटावं. पण भिंतीवर मेहुणे ठसे शोधत होते.

नंतर पळवाटांची पाहणी करायला मेहुणे गच्चीवर गेले. जाताना सहायकानं खालीच थांबून दार अडवावं असा हुकूम झाला. वीस मिनिटांनी ते खाली आले ते गंभीर चेहऱ्यानं.

"वर काही दिसलं?"

"काही नाही. कुणीतरी पांढरे कपडे वाळत घातलेत, ते सारखे तोंडावर येत होते. त्यांच्या मधून वाट काढत चारी रस्ते न्याहाळले. लाल असं काही दिसलं नाही."

"दादा, तुमच्या खांद्यावर काय लागलंय?"

मेहुण्यांनी मान वळवली. पांढऱ्या शर्टावर चार-पाच लालसर ठिपके होते. त्यांनी टॉर्च लावली, भिंग लावलं, आणि मग स्टूल ओढून बसले, कारण रक्त पाहिलं की त्यांना भोवळ येई.

"रक्त," ते क्षीण आवाजात म्हणाले. "चोर जखमी आहे."

"पण तुमच्या खांद्यावर कसं आलं?"

"तेच तर रहस्य आहे, भाऊजी. पाणी आणा थोडं."

अकराला लेक आली, बरोबर उपकॅप्टन. मास्टरांनी तोंड उघडायच्या आतच रिकामी फळी बघून तिला कळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, चारपर्यंत सापडतील ना?" दोन महिने त्यांनी त्या कडाक आवाजाची टिंगल केली होती. आता तो सिनेमा निदान एक दिवस पुढं जावा म्हणून ते मनातल्या मनात हात जोडत होते.

मेहुण्यांनी लगेच उपकॅप्टनला कोपऱ्यात घेतलं. "कॅप्टनपद कुणाला मिळणार होतं? तुला. अंग दाखव, जखम कुठंय?"

"मामा, मला जखम नाही."

"म्हणजे लपवली आहेस." त्यांनी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, बाह्या वर करायला लावल्या. सगळ्या अंगावर एकच खूण सापडली, कपाळावर केसांच्या कडेला. लाल. मेहुण्यांचे डोळे चमकले.

"ती तुमच्या भाऊजींच्या मागच्या पट्टीची आहे," उपकॅप्टन म्हणाला. मास्टरांनी खाली बघून सुईत दोरा ओवायला घेतला. सुईचं नाकच सापडेना.

मेहुणे येरझाऱ्या घालू लागले. तिसऱ्या फेरीला मापांची यादी त्यांच्या हाती लागली आणि ते जागच्या जागी थांबले. "चाळीस. एकवीस माणसं आणि बावीस चड्ड्या. हा बाविसावा कोण?"

लेक खालच्या चिंध्या गोळा करायला लागली. तिचे कान तेवढे लाल झाले.

"बघा, बोलत नाही. तिला धमकावलंय." मेहुण्यांनी मास्टरांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. "भाऊजी, चोराला एकच चड्डी हवी होती. चाळीसची. बाकीच्या एकवीस त्यानं दिशाभूल करायला नेल्या. चाळीस कंबरेचा माणूस शोधा, प्रकरण मिटलं."

पुढचा दीड तास मेहुणे टेप घेऊन गल्लीभर फिरले. औषधाच्या दुकानदाराला वाटलं सरकारी पाहणी आहे, त्यानं पोट आत घेऊन चौतीस भरवली. न्हावी म्हणाला, कंबर हवी तेवढी मोजा, पण आधी खुर्चीवर बसा, तुमचे केस वाढलेत. मेहुणे केस कापून परत आले तेव्हा एक वाजला होता.

"सगळी गल्ली मोजली. आता एकच कंबर उरलीय," ते म्हणाले आणि मास्टरांकडे वळले. "हात वर."

"अहो, माझी छत्तीस आहे. लग्नापासून छत्तीस."

"लग्नात कुणी मोजली होती?"

"मीच."

हेच तर होतं. मास्टरांनी अख्ख्या गावाची मापं घेतली, स्वतःचं लग्नानंतर कधी घेतलं नाही. नवी पँट कापायची तर जुनी पँट कापडावर ठेवायची, आणि थोडी सैल बरी म्हणून बोटभर वाढवायची. अशा वीस वर्षांच्या पँटी झाल्या होत्या, आणि दर पँटीला ते म्हणत, छत्तीस अगदी बरोबर बसली. मेहुण्यांनी टेप गुंडाळली, टॉर्च लावून आकडा वाचला, आणि मीटर वाचल्यासारखा खणखणीत आवाजात सांगितला, "चाळीस."

आणि तो वहीत उतरवून घेतला.

"फिर्यादी हाच गुन्हेगार," मेहुणे म्हणाले. "मला पहिल्यापासून संशय होता. भाऊजी, नात्याचा मान ठेवून विचारतो, माल कुठंय?"

"मामा, पुरे आता," लेक म्हणाली. "ती चड्डी बाबांचीच आहे. मीच माप लिहिलं होतं. दोरीवरची त्यांची पँट मोजून." मग ती मास्टरांकडे वळली, पण बघत होती टेपकडे. "मला वाटलं, या वेळी तुम्हाला न्यावं बरोबर. तुम्ही नाही म्हणाल म्हणून सांगितलं नाही. शिवून झाल्यावर म्हणणार होते, आता तुमच्या मापाची झालीच आहे, तर चला."

मास्टरांनी मेहुण्यांच्या हातातून टेप काढून घेतली. पाच दिवस ज्या ढेरपोट्याला त्यांनी शिव्या घातल्या तो ते स्वतः होते, आणि लेकीनं बोलावलं होतं. बोलावलं तेही अशा वेळी, की चड्डीच नाही.

"मी येतो," ते म्हणाले. "लेंग्यावर येतो. आणि तुझ्या मंडळाला सांगतो, चूक माझी, हिची नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मास्टरांची बायको आत आली, केस ओले, खांद्याला पिशवी. तिनं सगळ्यांचे उतरलेले चेहरे पाहिले आणि मग भावाचा शर्ट पाहिला.

"दादा, गच्चीवर गेला होतास ना? मग येताना त्या चड्ड्या आणल्या का नाहीस?"

"कुठल्या चड्ड्या?" चौघांनी एकदम विचारलं.

"अहो, त्या लालच की. मागच्या वेळी कपाळं रंगली, या वेळी काय काय रंगलं असतं? पहाटे उठून दोनदा धुतल्या. पाणी बघायला हवं होतं तुम्ही. तुम्ही पाच दिवसांचे दमलेले, उठवलं नाही. उलट्या करून वाळत घातल्या, नाहीतर उन्हानं सॅटिन विटतं. आणि दादाला जिन्यात सांगून गेले, यांना निरोप दे म्हणून."

सगळ्यांनी मेहुण्यांकडे पाहिलं. ते खांद्यावरचे ठिपके वहीनं झाकायचा प्रयत्न करत होते.

"सातच्या सुमारास तू काहीतरी म्हणालीस खरं," ते म्हणाले. "पण तेव्हा गुन्हा घडलेला नव्हता. गुन्ह्याच्या आधी मिळालेली माहिती मी धरत नाही. त्यानं मन कलुषित होतं."

लेक तोवर जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पोचली होती, आणि तिच्यामागं, चाळीस कंबर असूनही, मास्टर.

गच्चीवर बावीस चड्ड्या उलट्या टांगलेल्या होत्या. सकाळी पांढरं असलेलं अस्तर वाळता वाळता फिकट गुलाबी झालं होतं. सुलट्या केल्या तर बाहेरून लालभडक. मास्टरांनी एकेक इस्त्री केली, उपकॅप्टननं एकेक रुमालावर घासून पाहिली. रुमाल पांढराच राहिला. शेवटची घडी त्यानं स्वतः घातली.

चारला अख्खी रांग लाल झाली. मास्टर मधोमध बसले होते, गुडघ्यांवर पिशवी धरून, कारण एवढ्या लोकांत पाय उघडे टाकायची सवय नव्हती. मेहुणे मागच्या रांगेत वेषांतर करून, म्हणजे काळा चष्मा लावून आले होते. येणारा जाणारा त्यांना ओळखून नमस्कार करत होता.

नायक होडीवर उभा राहिला. आता ते पहिलं पाठ असलेलं वाक्य येणार म्हणून मंडळानं श्वास रोखला, आणि त्याच्याबरोबर एकवीस गळ्यांनी ते गरजून म्हटलं. खाली पडद्यावर त्याचा अर्थ उमटला: 'माझी होडी इथून कुणी नेली?'

मंडळ जरा चपापलं. मास्टर पुढं बघत राहिले. चहा-साखरेचा विषय त्यांनी काढला नाही, पण लेकीनं त्यांना कोपरानं ढोसलं, म्हणजे तिलाही आठवलं होतं.

मागून त्यांच्या कानाशी कुजबुज आली. "भाऊजी, होडी कुणी नेली ते माझ्या लक्षात आलंय."

"दादा," मास्टर म्हणाले, "त्याला म्हणावं, आधी बायकोला विचार."

लेक इतक्या जोरात हसली, की पुढच्या रांगेनं मागं वळून पाहिलं. तेवढ्यात पडद्यावर कडाक आवाज आला, एकवीस गुडघे एकदम वर गेले आणि एकवीस गुलाबी अस्तरं चमकली. मास्टरांनी पिशवी बाजूला ठेवली, आपलाही गुडघा कंबर देईल तेवढा उचलला आणि म्हणाले, "हा पहिला."