छत्रीवाल्याचा दगा आणि दौलतरावांचे मौन

श्री. ज्याने आकाश सर्वांस सारखे दिले, त्यास प्रथम नमन. मग ऐकणाऱ्यांच्या कानांस नमन. शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सरी, कार्तिक सरता आणि मार्गशीर्ष लागता जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहितो, पदरचे घालीत नाही. एके नदीकाठी राज्य होते. पूर्वेस साखर कारखान्याची चिमणी, पश्चिमेस कालवा, इतकी त्याची हद्द. नाव लिहीत नाही, कारण माणसे नांदती आहेत. त्या राज्यात कालव्याकाठच्या आळीत दौलतराव सोनवलकर म्हणोन गृहस्थ राहत असत. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षकाची चाकरी करोन निवृत्त जाहले होते. हयातभर पाणी सोडावे आणि पाणी तोडावे हा अधिकार हाती, त्यामुळे बोलणे थोडके, आणि एकदा बोलिलेला शब्द मागे घेण्याची सवय नाही. कुटुंब मागेच निवर्तले. पोटी एकच कन्या, नाव राजश्री, आणि ती कबड्डी ऐसी खेळे की चढाईस निघाली म्हणजे समोरचा गोट मागे सरकत असे. मग तीस चांगले स्थळ आले, आणि ती म्हणाली की मी अजून खेळणार, आणि दौलतराव रागे भरोन बोलिले, "खेळायचं असेल तर या घराबाहेर जाऊन खेळ." बोलावयास बोलोन गेले, आणि मुलगी बापाचीच, तिने ते खरे धरिले. पिशवी भरोन शहरास गेली आणि तेथील संघातून खेळू लागली. पुढे सणावारी दूरध्वनी येई. जेवलात का, जेवलो. गोळ्या घेता का, घेतो. इतके बोलणे होवोन दोहीकडे शांत होत असे.

परंतु दौलतरावांची एक गोष्ट कोणास ठाऊक नव्हती. दार लावोन घेवोन ते टीव्हीवर कबड्डी पाहत असत. कोणाचाही सामना असो, मुलींचा असला म्हणजे पुढे सरकोन पाहत, न जाणो आपली दिसेल. त्याकरिताच त्यांनी गच्चीवर डिशची छत्री बसविली होती, आणि लोकांस सांगत की बातम्यांकरिता बसविली. ऐसे असता कार्तिकाचे अखेरीस अवकाळी वारा सुटला, पत्रे उडाले, कारखान्याच्या वाटेवरचे लिंब आडवे जाहले, आणि दौलतरावांची छत्री खांबावर फिरोन तिचे तोंड भलतीकडे जाहले. पडद्यावर सिग्नल नाही इतकीच अक्षरे राहिली. आणि दैवगती ऐसी की त्याच आठवड्यात राजश्रीचा फोन आला.

"बाबा, आम्ही फायनलला गेलोय. रविवारी दुपारी टीव्हीवर दाखवणार आहेत. वेळ असला तर बघा."

"बघतो."

"खरंच बघाल?"

"बघतो म्हणालो ना," दौलतराव म्हणाले, आणि फोन ठेवोन बहुत वेळ हात तैसाच त्यावर ठेवोन उभे राहिले.

शेजारी सिंधूबाई खरात म्हणोन बाई होत्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, राजश्रीस लहानपणी लस त्यांनीच टोचिली, आणि दौलतरावांशी तोंडावर बोलणारे आळीत त्यांच्याखेरीज कोणी नव्हते. त्यांनी कुंपणापाशी येवोन छत्रीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "वाऱ्यानं फिरलीय हो नुसती, मोडलेली दिसत नाही. कंपनीच्या नंबरावर फोन लावा. माणूस ओळखपत्र घेऊन येतो, आधी खर्च सांगतो, पावती देतो. एखादा दिवस मागंपुढं होईल. पण त्या खांबावर कागद चिकटवणाऱ्यांना तेवढं बोलावू नका."

दौलतराव बघू म्हणाले. कंपनीस फोन लाविला तो गाणेच वाजत राहिले, पलीकडे कोणी येईना. रविवार तो जवळ आला, आणि जीव थाऱ्यावर राहीना. मग पाय मोकळे करावयास म्हणोन बाहेर पडले आणि विजेच्या खांबापाशी उभे राहोन तो कागद वाचिला. सर्व कंपन्यांची छत्री, तात्काळ दुरुस्ती, पप्पूशेठ. नंबर मनातल्या मनात घोकत घरी आले.

पप्पूशेठ तासाभरात दाखल जाहले. मोटारसायकलीस शिडी बांधलेली, कमरेस हत्यारे, आणि आल्याबरोबर दौलतरावांच्या पायांस हात लाविला. मग गच्चीवर चढले, वर खडखडाट केला, आणि खाली आले ते तोंड उतरवोन, जैसे वैद्याने आतल्या खोलीतून यावे.

"काका, सांगायला वाईट वाटतंय. छत्रीच्या तोंडाशी यंत्र असतं ते जळालं. खालचा बॉक्सही गेला. आणि समोर मोबाइलचा टॉवर झालाय ना, तेव्हापासून ही छत्री इथं चालायचीच नाही. नवीन लागणार सगळं."

"वाऱ्यानं फिरली असेल नुसती," दौलतराव म्हणाले.

"फिरली असती तर फिरवून दिली असती, चहा घेतला असता आणि गेलो असतो. मला काय त्यात?"

"कंपनीला विचारून बघतो."

"विचारा की. पुढच्या आठवड्यात येतील. घाई नसेल तर तेच बरं."

तेव्हा दौलतरावांनी कधी कोणास न सांगितलेली गोष्ट या परक्यास सांगितली. म्हणाले, "रविवारी माझ्या मुलीचा सामना आहे."

पप्पूशेठांनी हातातली पकड खाली ठेविली. चेहरा ऐसा केला की जणू घरचेच कार्य आहे. "ताई खेळतात? टीव्हीवर? अहो काका, मग काय विचार करताय! ताईंसाठी एवढं नाही करायचं?"

या शब्दाने दौलतराव पडले. जो माणूस कालव्याचे पाणी आमदारांच्या शब्दावर सोडीत नसे, तो या एका शब्दावर मोकळा जाहला. कपाट उघडिले, आणि महिन्याचे निवृत्तिवेतन आणि त्यावर सणाकरिता ठेविलेले, ऐसे सारे दिले. पप्पूशेठांनी जुनी छत्री आणि जुना बॉक्स भंगार म्हणोन नेला, दुसरी छत्री आणि दुसरा बॉक्स बसविला, आणि चित्र लख्ख आले. पावती मागता म्हणाले की पुस्तक दुकानात राहिले, संध्याकाळी आणून देतो. संध्याकाळ जाहली, ते आले नाहीत. परंतु चित्र दिसत होते, म्हणोन दौलतरावांनी मनास समजाविले. मग सिंधूबाईंनी कुंपणावरोन विचारिले, "कुणाकडून केलंत? पावती घेतली ना?" आणि दौलतराव म्हणाले, "घेतली. काम उत्तम झालं. उगाच घाबरवता तुम्ही माणसाला." ऐसे बोलोन आत गेले, आणि आपले दार आपणच लावोन बसले.

रविवार उगवला. दौलतरावांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, कुटुंबाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लाविली आणि खुर्ची पडद्यासमोर ओढिली. सामन्यापूर्वीच्या जाहिराती चालल्या होत्या. इतक्यात चित्र थिजले, मग पडदा काळा जाहला, आणि वर अक्षरे आली की या ग्राहकाची सेवा बंद करण्यात आली आहे. बॉक्स कोणा दुसऱ्याच्या नावाचा, कोठोन तरी उचलोन आणिलेला. पप्पूशेठांस फोन लाविला, तो बंद. पुन्हा लाविला, पुन्हा बंद. बॉक्सची वायर काढिली, घातली, फुंकर मारिली, थापट मारिली. काही उपाय चालेना. मग दौलतराव अंगणात आले, आणि कुंपणापलीकडे सिंधूबाईंच्या खिडकीतून सामन्याचा गलका ऐकू आला. समालोचक ओरडत होता, लोक टाळ्या पिटीत होते. दौलतराव फाटकापाशी गेले आणि कडीवर हात ठेविला. कडी सरकविली की पलीकडे चार पावलांवर ओसरी, आणि ओसरीतून पडदा दिसतो. परंतु बाई विचारतील. पावती घेतली म्हणालात ना, काम उत्तम झालं म्हणालात ना, म्हणोन विचारतील. हात कडीवरच राहिला. त्या गलक्यात एकदा स्पष्ट ऐकू आले, राजश्री सोनवलकर, आणि लोकांनी मोठा आवाज केला, आणि मग एकाएकी सारे चिडीचूप जाहले. कशाने जाहले ते दौलतरावांस उमजेना. सामना सरेतो ते उन्हात तैसेच उभे होते, आणि कडी काही सरकली नाही.

दिवेलागणीस फोन वाजला.

"बाबा, बघितलात?"

"बघितला," दौलतराव म्हणाले. "झकास खेळलीस. एकेक चढाई बघण्यासारखी."

मग राजश्रीने हळूच विचारिले, "सगळ्या बघितल्या?"

"सगळ्या."

"बरं," ती म्हणाली. "गोळ्या घ्या वेळेवर." आणि फोन ठेविला.

तो ठेवला न ठेवला तोच सिंधूबाई लगबगीने आत आल्या, डोळे भरलेले, आणि म्हणाल्या, "काय म्हणाली हो पोर? गुडघ्याचं काय? पहिल्याच चढाईत असा पाय मुरगळला, उचलून नेली तिला. मी तर तिथंच टीव्ही बंद करणार होते." दौलतराव खुर्चीत बसले. मग बाईंची नजर काळ्या पडद्यावर गेली, आणि त्या काय समजावयाचे ते समजल्या, आणि काही एक न विचारता तेथेच खाली बसल्या.

दुसरे दिवशी पहिल्या एसटीने दौलतराव शहरास गेले. राजश्री दवाखान्यात होती, पाय उशीवर ठेविलेला, गुडघ्यास जाड पट्टी. बापास दारात पाहोन ती उठू लागली, तो त्यांनी हातानेच नको म्हणोन सांगितले. आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मी खोटं बोललो. बघितला नाही. छत्री बंद होती."

"बंद होती तर सिंधूमावशींकडे जायचं."

"लाज वाटली."

"माझी?"

"तुझी नाही गं. माझी मला. एका भामट्यानं फसवलं, आणि मावशींनी आधीच बजावलं होतं. सांगू कसं?"

राजश्री भिंतीकडे पाहत म्हणाली, "बाबा, तुम्ही बघितला नसता तरी चाललं असतं. त्याची सवय आहे मला. पण तुम्ही बघितला म्हणालात ना, तेव्हा आधी मला खरं वाटलं. एवढं बरं वाटलं मला, पाय दुखायचा थांबला." दौलतरावांनी तिच्या पायाखालची उशी नीट केली, आणि ती नीटच होती.

मग राज्यात परतोन आठवडी बाजाराचे दिवशी, भर चौकात, पारावर उभे राहोन दौलतरावांनी आपली फजिती आपल्या तोंडाने सांगितली. सारे सांगितले. पावती घेतली नाही ते, नवे म्हणोन चोरीचे घेतले ते, शेजारणीशी खोटे बोलिले ते. लोक हसतील ऐसे वाटले होते. कोणी हसले नाही. प्रथम पिठाच्या गिरणीवाले पुढे जाहले आणि म्हणाले, "मलाही त्यानंच गंडा घातला." मग शाळेच्या मुख्याध्यापिका, मग किराणावाले, मग मागोन एक म्हातारी, आणि पाहता पाहता ऐसे दिसोन आले की अर्धे राज्य त्या एका इसमाने लुटले होते, आणि जो तो आपल्या घरी दार लावोन गप्प बसला होता. एकाने आधी तोंड उघडिले असते तर पुढचा वाचला असता, हे सर्वांस एकदम कळले, आणि कोणी कोणाकडे पाहीना. मग पोलिसांकडे गेले. फौजदारांनी पावती मागितली, ती कोणापाशीही नव्हती. पप्पूशेठ नदीपलीकडच्या राज्यात गेले ऐसे वर्तमान आले, तेथे आता तेच कागद दुसऱ्या नावाने खांबांवर आहेत म्हणतात. सिंधूबाईंनी कंपनीचा माणूस आणविला, तो सांगितल्या वेळी आला, खर्च आधी सांगितला, तितकाच घेतला. पुढे आळीत कोणाच्या गच्चीवर कारागीर चढला की दौलतराव जावोन शिडीशी उभे राहत आणि विचारीत, ओळखपत्र दाखवा, जुने सामान येथेच ठेवा, पावती आधी लिहा. त्यामुळे बहुत घरे वाचली.

राजश्रीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया जाहली, परंतु डॉक्टरांनी मैदान वर्ज्य सांगितले. तो सामना तिचा अखेरचा ठरला. ती शहरातच एका शाळेत मुलींस खेळ शिकविते. सणावारी फोन येतो. जेवलात का, जेवलो. गोळ्या घेता का, घेतो. पुढे ती विचारिते, "आज कुणाला वाचवलंत?" आणि ते सांगतात, आणि ती ऐकोन घेते. घरी ये ऐसे त्यांनी दोनदा म्हटले. ती बघते म्हणाली.

दौलतरावांच्या घरी आता चित्र उत्तम दिसते. मुलींचे सामने ते दार उघडे टाकोन पाहतात, दुसऱ्यांच्या लेकी चढाईस निघतात, आणि कोणीही निघाली तरी हे खुर्चीतून अर्धे उठतात.

सारांश, छत्रीवाल्याने जे धन नेले ते दौलतरावांनी पुढे पोटास चिमटा घेवोन भरोन काढिले. एक दुपार गेली, ती भरोन निघाली नाही. आणि ती छत्रीवाल्याने एकट्याने नेली ऐसे ते कधी कोणास सांगत नाहीत. इतके वर्तमान. पुढे लिहिणे नाही.