जिभेखालची गोळी

रविवारी दुपारी घरात आम्ही दोघंच असणार हे कळलं आणि मी ती गोळी घ्यायचं ठरवलं. माझा निर्णय काय तो एवढाच. पुढचं सगळं आपलं आपणच होत गेलं.

साल एकोणीसशे नव्याण्णव. मी आंध्रच्या हद्दीतल्या भैंसा गावच्या कापूस बाजाराच्या ऑफिसात क्लार्क, वय सत्तेचाळीस. गेल्या काही महिन्यांपासून एका खाजगी बाबतीत माझं काही म्हणजे काही चालत नव्हतं. (ऑफिसातही चालत नसे, पण तिथं सवय झाली होती.) विमल, म्हणजे आमची मंडळी, त्याबद्दल एका शब्दानंही बोलली नव्हती. एरवी भाजीत मीठ जास्त झालं तरी शेजाऱ्यांपर्यंत पोचवणारी बाई बोलत नाही, म्हणजे मनात केवढं साठवून बसली असेल, या विचारानं मी आणखीच खचत गेलो.

शेवटी ऑफिसातल्या खुशालला मी माझ्या एका दोस्ताची अडचण म्हणून सगळं सांगितलं. त्यानं दोस्ताचं नाव विचारलं नाही, यातच काय ते समजावं. अमेरिकेत निघालेल्या त्या निळ्या गोळीबद्दल पेपरात येऊन वर्ष झालं होतं. खुशालनं मुंबईच्या कुणाकडून तरी एक मागवली आणि चहाच्या टपरीमागं माझ्या मुठीत दाबली.

"तुह्या दोस्ताले सांग, पोटभर जेवून घेऊ नको म्हणा," तो म्हणाला. "आन् हार्टवाले लोकं जिभेखाली गोळी ठेवते ना, ते हिच्यासंगं चालत नाही. दोन्ही एका अंगात गेल्या त बीपी असं खाली जाते का माणूस उठतच नाही."

दोस्ताचं हार्ट ठणठणीत आहे, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

तर तो रविवार. मुलगा निजामाबादला हॉस्टेलवर, मुलगी मैत्रिणीच्या हळदीला गेलेली. विमलनं नेमकं त्याच दिवशी मटण केलं. जेवत नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून जेवलो. कमी जेवलो तर ती कपाळाला हात लावून ताप बघते, म्हणून दाबून जेवलो. मग न्हाणीत जाऊन गोळी घेतली आणि खाटेवर येऊन पडलो. छताकडं बघत वाट बघू लागलो. काहीच होईना. (आत मटण आणि ती गोळी यांची पहिला मान कुणाचा यावरून हुज्जत चालू असावी.)

तेवढ्यात दारावर थाप पडली.

सासरेबुवा. चंपतराव, म्हणजे आमचे मामाजी, भीमपूरचे कापूसवाले. निजामाबादच्या हार्टच्या डॉक्टरला दाखवून परत जाताना लेकीला भेटायला उतरले होते. दोन वर्षांपूर्वी कापूस मोजता मोजता त्यांच्या छातीत कळ आली होती आणि कुणीतरी जिभेखाली गोळी ठेवली म्हणून ते वाचले. तेव्हापासून तिची बाटली त्यांच्या बंडीच्या खिशात असते. पोट दुखो, दाढ दुखो, ते आधी त्या खिशाला हात लावतात.

मी उठून पाया पडलो आणि वाकल्यावाकल्याच कळलं की मटण हरलं. तोंड तापलं. कानशिलं ठणकायला लागली. नाक असं चोंदलं की तोंडानं श्वास घ्यायची वेळ आली. मामाजी समोर बसून यंदाच्या बोंडअळीबद्दल सांगत होते आणि त्यांचं पांढरंशुभ्र धोतर माझ्या डोळ्यांसमोर निळं पडत चाललं होतं. मग टोपी निळी झाली. मग विमलनं आणलेल्या तांब्यावर निळी झाक दिसू लागली. डोळे जाण्याबद्दल खुशाल काही बोलला नव्हता. मला दरदरून घाम फुटला आणि त्याच वेळी छातीच्या मधोमध जळत्या कोळशासारखं काहीतरी बसलं. माझा हात आपोआप तिथं गेला.

मामाजींचं बोंडअळीवरचं बोलणं थांबलं.

"जावईबापू, तुमचं तोंड लाल झालं. दुखून राह्यलं काय तिथं?"

काही नाही, म्हणालो. पण माणूस हात छातीवर, नाक बंद, घामानं ओला असा बसून काही नाही म्हणत असेल तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? मामाजींनी बाटली काढली, बूच उघडलं आणि एक बारकी पांढरी (मला निळीच दिसणारी) गोळी चिमटीत धरून माझ्याकडं आले. विमलला त्यांनी माझं डोकं धरायला सांगितलं.

आता गंमत उरली नव्हती. ती गोळी जिभेखाली गेली तर मी खलास, आणि ती घालणारा माणूस मला वाचवायला निघालेला. मी तोंड गच्च मिटलं. नाक चोंदलेलं, तोंड बंद, त्यामुळं श्वास कोंडला आणि माझे डोळे बाहेर आले.

मामाजी शांतपणे म्हणाले, दातखीळ बसली. विमलनं चमचा आणला.

तो चमचा माझ्या दातांवर वाजत असताना मी मनात सगळे मार्ग तपासले. खरं सांगावं तर तोंड उघडावं लागणार, आणि तोंड उघडलं की गोळी आत. शिवाय खरं सांगायचं कुणाला, तर बायकोच्या बापाला. क्षणभर मला खरंच वाटलं की मरण पत्करावं, त्यात निदान बोलावं तरी लागत नाही. पण विमलच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते माझ्या कपाळावर पडत होतं. मी तिचा पदर ओढला, तिचा कान तोंडाशी आणला आणि दात न उघडता म्हणालो, "मी गोळी घेतली."

"कायची? उंदराची?" विमल मटकन खालीच बसली. "बाबा, यायनं उंदराची गोळी खाल्ली. काऊन खाल्ली हो तुमी? मी काय कमी केलं तुमाले?"

"उंदराची नाही," मी ओरडलो, आणि तोंड उघडलेलं बघताच मामाजींनी निशाणा साधला. गोळी जिभेवर पडली. मी ती सगळ्या ताकदीनिशी थुंकली. ती भिंतीवर लागून खाटेखाली गेली. मामाजी लगेच दुसरी काढायला लागले.

मी त्यांचा हात धरला. "मामाजी, तुमची गोळी मले चालत नाही. मी ते निळी गोळी घेतली." ते कळत नसल्यासारखे बघत राहिले. मग मी डोळे मिटले आणि म्हणालो, "मर्दानगीची."

शेजारच्या रेडिओवर तेलुगू बातम्या चालू होत्या. मी डोळे उघडले तेव्हा विमल चमच्याकडं बघत होती. मामाजींनी हातातली गोळी जपून बाटलीत टाकली आणि बूच लावलं.

"मंग हे नाही चालत," ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "मले डॉक्टरनं बजावून ठेवलं हाय."

त्यांना डॉक्टरनं हे कशाला बजावलं असेल, ते मी विचारलं नाही. ती वेळ नव्हती.

त्यांनीच बाहेर जाऊन ऑटो बोलावला. चौकातल्या दवाखान्याचे डॉक्टर राजन्ना मूळचे तेलुगू, पण मराठी चांगलं बोलायचे. आत शिरल्याबरोबर मामाजींनी त्यांना आधी मी काय घेतलं ते सांगितलं, तेही पुरेशा मोठ्यानं. बाकावरचे पेशंट सरकून बसले. (खोकणारा एक म्हातारा तर खोकायचंच विसरला.)

छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढून झाला. तो काढेपर्यंत विमलनं माझा हात सोडला नाही. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला आणि हार्ट चांगलं आहे, ही मटणाची आणि भीतीची जळजळ आहे, असं सांगितलं. मग समोर बसवून बरंच समजावलं. ही गोळी मुळात हार्टसाठीच शोधत होते, तिथं विशेष जमलं नाही आणि भलताच गुण हाती लागला. लालबुंद तोंड, चोंदलेलं नाक, निळं दिसणं ही तिचीच करणी, काही तासांत उतरेल. पण तिच्यावर दिवसभरात जिभेखालची गोळी पडली असती तर मी त्यांच्यापर्यंत पोचलोच नसतो. शिवाय ती नुसती घेऊन छताकडं बघत पडलं तर काही होत नाही, मनही जागेवर असावं लागतं.

"आधी काही गोळ्या चालू आहेत का?" त्यांनी विचारलं.

बीपीची, सहा-सात महिन्यांपासून, असं विमलनंच सांगितलं. गावाकडं गेलो असताना तिथल्या दवाखान्यानं सुरू केली होती. डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं आणि ते हसले. त्या गोळीनं काहीजणांना नेमका हाच त्रास होतो म्हणाले. लोक लाजून सांगत नाहीत आणि मुंबईहून गोळ्या मागवतात. पुढच्या आठवड्यात या, ती बदलून बघू.

माझ्या अंगावरून मणाचं ओझं उतरलं. माझ्यात खोट नव्हती, गोळीत होती. मला सगळ्या बाकाला ओरडून सांगावंसं वाटलं. मामाजी आधीच बाहेर ऑटोपाशी जाऊन उभे राहिले होते. मी ताठ मानेनं उठलो आणि विमलला चल म्हणालो.

विमल दारापर्यंत आली आणि परत फिरली. पदर नीट केला, खालच्या मानेनं डॉक्टरांच्या टेबलापाशी गेली.

"डॉक्टरसाहेब," ती हळूच म्हणाली, "ते बीपीची गोळी बदलू नका. लई चांगली हाय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझी झोप पुरी होऊन राह्यली."